राजाची मृगया आणि पारध्याची पारध



नौपाड्यात शिकारीवर व्याख्यान म्हटल्यावर काही जणांना नवल वाटलं असेल. इथल्या माणसाची पारध म्हणजे रविवारी सकाळी पिशवी घेऊन मासळी बाजार गाठायचा आणि पापलेटाच्या भावावरून कोळणीशी हुज्जत घालायची. जे मासळी खात नाहीत, त्यांचा तर प्रश्नच मिटला. पण इथल्याच एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर उभं राहिलं की येऊरचे डोंगर दिसतात. घोडबंदर रस्त्याला लागलं की वाघबीळ येतं. आता तिथे टॉवर उभे आहेत, पण नाव वाघाचंच आहे. त्या डोंगरांत आजही बिबटे आहेत आणि त्याच डोंगरांच्या कुशीत आदिवासींचे पाडे आहेत. तेव्हा हा विषय आपल्यापासून वाटतो तेवढा लांब नाही.

प्रश्न साधा आहे. एक माणूस खाण्यासाठी प्राणी मारतो. दुसरा माणूस त्याचं डोकं किंवा कातडं भिंतीवर लावण्यासाठी मारतो. या दोन कृतींत नैतिक फरक आहे का? आणि असला, तर आपल्या समाजाने तो कधी मानला का? आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तपासायला आपल्याला सोपं जाईल. फरक आहे, आणि आपल्या परंपरेला तो चांगला ठाऊक होता. पण मान आणि शिक्षा वाटायची वेळ आली तेव्हा आपण तो बरोबर उलटा वापरला. भिंतीसाठी मारणाऱ्याला मान दिला, पोटासाठी मारणाऱ्याकडून जाब घेतला.

सुरुवात जवळूनच करू. नालासोपारा आता पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ पर्यंत ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा बुरुड राजाचा कोट खणला आणि तिथला बौद्ध स्तूप उजेडात आणला. त्याच सोपाऱ्यात त्यांना ब्राह्मी अक्षरांचा एक दगड मिळाला. तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा होता. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पुढे १९५६ मध्ये त्याच परिसरात नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. अशोकाचे मोठे शिलालेख चौदा. त्यांतला आठवा कशाबद्दल आहे? शिकारीबद्दल. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तिथे मृगया आणि तसल्याच करमणुकी चालत, असं तो सांगतो. मग म्हणतो की राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर आपण संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केल्या. त्यांत श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी, वृद्धांना दान, खेड्यापाड्यांतल्या माणसांशी बोलणं. राजाने करमणुकीची शिकार सोडल्याची जाहीर नोंद आपल्या या बंदरात दगडावर कोरून लावली होती.

आता याच्या शेजारी पहिला शिलालेख ठेवू. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. लक्षावधी हा आकडा राजाच्या तोंडचा आहे, तो आपण तेवढ्याच बेताने घ्यायचा. पण क्रम बघा. करमणुकीची शिकार एकदम बंद. ताटातलं मांस मात्र हळूहळू कमी, आणि तेही प्रामाणिकपणे मोजून. पाचव्या स्तंभलेखात मारायचे नाहीत अशा प्राण्यांची यादी आहे, आणि तिच्या शेवटी एक सरसकट नियम: जे चतुष्पाद उपयोगाला येत नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत, ते मारायचे नाहीत. आजच्या आपल्या विषयाचं हे बहुधा सर्वांत जुनं सरकारी सूत्र असावं. मारणं चूक की बरोबर एवढंच अशोक विचारत नाही. कशासाठी मारता, हेही विचारतो.

पण अशोकाचंच आणखी एक कोरीव काम आहे, १९५८ मध्ये कंदाहारला मिळालेलं, ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांतलं. त्यात सांगितलंय की राजाने प्राणी मारणं सोडलं आणि राजाच्या पारध्यांनी व मासेमाऱ्यांनीही आपलं काम थांबवलं. इथे आम्ही नेहमी अडखळतो. राजाने शिकार सोडली, तेव्हा त्याची एक करमणूक गेली. तिच्या जागी यात्रा आली. पारध्याने सोडली, तेव्हा त्याचा धंदा गेला. त्याच्या जागी काय आलं? ते कुठल्याही दगडावर कोरलेलं नाही. हा प्रश्न पुढे येऊरपर्यंत आपल्याबरोबर येणार आहे.

थोडं शब्दांकडे बघू. मराठीत या एका कृतीला तीन शब्द आहेत. ‘मृगया’ संस्कृत. तिच्या मुळाशी ‘मृग्’ हा धातू, अर्थ शोधणं, माग काढणं. ‘मार्ग’ हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे राजाची मृगया हा शब्दार्थाने शोध. ‘पारध’ हा शब्द प्राकृतातल्या ‘पारद्धी’वरून आला, आणि बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या व्याकरणात ‘पारद्धी’ लावून दाखवला तो ‘पापर्द्धि’वरून. पापर्द्धि म्हणजे पापाची वाढ! तिसरा शब्द ‘शिकार’, तो फारसीतून दरबाराबरोबर आला. वापरात हे शब्द एकमेकांत मिसळले आहेत, राजेही पारधीला जातात, हे आम्हाला मान्य आहे. पण पोटाला लागलेली नावं बघा. मृगया करून कोणाची जात बनली नाही. पारध करून मात्र पारधी ही जात बनली.

आता ग्रंथांकडे येऊ. रामायणात वाली बाणाने घायाळ होऊन पडला आहे आणि रामाला प्रश्न विचारतो आहे. आडून मारलंस, हा त्याचा आरोप आपल्या सगळ्यांना माहीत असतो. त्यातला दुसरा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. वाली विचारतो, माझं कातडं सज्जनांना पांघरता येत नाही, माझे केस आणि हाडं निरुपयोगी, माझं मांस तुमच्यासारखे लोक खात नाहीत. पाच नखांच्या प्राण्यांपैकी फक्त पाच भक्ष्य सांगितले आहेत, त्यांत मी नाही. मग मारलंस कशाला? त्या यादीत साळिंदर, घोरपड, ससा, कासव येतात. ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. रामाच्या उत्तराचा एक भाग असा की माणसं जाळी, फासे लावून, लपून प्राणी मारतातच, धर्म जाणणारे राजर्षीही मृगयेला जातात, त्यात दोष नाही. म्हणजे वालीने हेतू विचारला आणि उत्तर मिळालं रिवाजाचं. रामाची बाकीची बाजू मोठी आहे, भावाच्या पत्नीचा मुद्दा आहे, त्यात आपण आज शिरत नाही. पण वालीचा हा प्रश्न तिथे अनुत्तरितच राहिला, असं आमचं मत आहे.

महाभारतात पंडू राजा हरणाची जोडी मारतो. त्यातलं हरीण म्हणजे रूप बदललेला किंदम ऋषी. पंडूही तेच म्हणतो: शत्रूला मारावं तसं मृगाला मारणं हा राजांचा धर्म आहे, अगस्त्यांनीही मृगया केली होती. अगस्त्यांनी ती यज्ञासाठी केली होती, हा फरक त्याला अडचणीचा वाटत नाही. ऋषीही मारण्याला दोष देत नाही. मीलनाच्या क्षणी मारलंस, तेवढं थांबला नाहीस, याला दोष देतो. म्हणजे शिकारीलाही मर्यादा होती आणि ती मोडल्याची शिक्षा राजालाही झाली. दशरथाचं तर आपण लहानपणापासून ऐकतो. शरयूकाठी रात्री केवळ आवाजावर बाण सोडण्याची हौस, आणि मेला श्रावणबाळ. आपण ती गोष्ट आईबापांच्या सेवेची म्हणून सांगतो. ती शिकारीच्या हौसेचीही गोष्ट आहे.

शास्त्रकारांनी मृगया हे राजाचं व्यसन मानलं. मनूच्या यादीत ती आहे. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली चर्चा वाचण्यासारखी आहे. जुगार वाईट की शिकार वाईट? एक आचार्य म्हणतो शिकार वाईट, कारण त्यात चोर, शत्रू, हिंस्र प्राणी, वणवा, दिशाभूल, तहान-भूक असे राजाच्या जिवाला धोके आहेत. कौटिल्य म्हणतो, नाही, जुगार जास्त वाईट. शिकारीने व्यायाम होतो, कफ, पित्त, मेद कमी होतात, हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, भ्यालेल्या आणि चिडलेल्या प्राण्याचं मन कळतं. चर्चा अतिशय सूक्ष्म आहे. फक्त तिच्यात एक जण कुठेच नाही: मरणारा प्राणी. दोन्ही बाजूंनी हिशेब राजाच्या प्रकृतीचाच चालला आहे.

कालिदासाने मात्र दोन्ही बाजू एकाच नाटकात समोरासमोर ठेवल्या. शाकुंतलात दुष्यंत हरणाच्या मागे धावतच रंगमंचावर येतो. तपस्वी त्याला अडवतात: हे आश्रमाचं हरीण आहे, मारायचं नाही. दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचं कौतुक करतो, आणि ते कौटिल्याच्याच वळणाचं आहे: शरीर हलकं होतं, नेम साधतो, उगाच याला व्यसन म्हणतात. आता सहाव्या अंकात या. रोहित माशाच्या पोटात अंगठी मिळालेला एक कोळी पकडला गेला आहे. पहारेकरी त्याच्या धंद्याची टर उडवतात. तो शांतपणे सांगतो की वाट्याला आलेलं काम, लोकांनी नावं ठेवली तरी, टाकायचं नसतं. यज्ञात पशू मारणारा श्रोत्रियही मनाने दयाळू असतोच ना? बघा, हरीण मारायला निघालेल्या राजाला ऋषिकुमार विनवतात, आणि मासा मारून पोट भरणाऱ्याला शिपाई मुसक्या बांधून नेतात. शेवटी त्याला बक्षीस मिळतं, आणि त्यातलं अर्धं तो पहारेकऱ्यांना देऊन टाकतो. कालिदासाला हा देश नीट कळला होता!

याच परंपरेत धर्मव्याधही आहे. वनपर्वातला कौशिक ब्राह्मण ज्ञानासाठी मिथिलेला जातो तो एका मांसविक्याकडे. हा व्याध स्वतः मारत नाही, स्वतः खात नाही, मांस विकतो. तो कौशिकाला सांगतो की नांगराखाली किती जीव मरतात ते बघ, चालताना पायाखाली किती मरतात ते बघ. हिंसा न करणारा इथे आहे कोण? हे हिंसेचं समर्थन नाही. फार तर शेतकऱ्याने, ब्राह्मणाने आणि व्याधाने एकाच काट्यावर उभं राहावं, एवढी त्याची मागणी आहे. भात खाणाऱ्या ठाणेकरांनाही ती लागू पडते.

आता इतिहासात थोडं पुढे येऊ. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास हा ग्रंथ झाला. त्याची राजधानी कल्याण, म्हणजे आपलं रेल्वेचं कल्याण नव्हे, आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ माहीत असतो, कारण जुन्या मराठीतल्या पदांचे नमुने त्यात आहेत. त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचे नाना प्रकार तपशिलाने सांगितले आहेत. आणि राजाच्या ताटाच्या प्रकरणात रानडुकराच्या मांसाबरोबर शेतातल्या उंदरांचीही पाककृती आहे. होय, उंदीर! राजाच्या ग्रंथात ते पक्वान्न आहे.

कातकऱ्यांबद्दल आपल्याकडे पहिलं काय सांगितलं जातं? ते उंदीर खातात. सांगणाऱ्याच्या नाकावरची आठी आपण पाहिलेली आहे. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. रायगड आणि जुन्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलांत त्यांचा तो धंदा होता. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली, कात गेला, आणि माणसं वीटभट्ट्यांवर आली. भाताची कापणी झाली की शेतातली बिळं खणायची. उंदीर मिळतात आणि त्यांनी बिळात साठवलेला भातही मिळतो. शेतकऱ्याचंही त्यात नुकसान नाही, उलट फायदाच. या शिकारीत नासाडी शून्य आहे. आणि मर्यादाही आहे. कातकरी सगळं काही खातात असं लिहिणाऱ्या जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच नोंदवून ठेवलं आहे की ते माकड मारत नाहीत, कारण रामाच्या वानरसेनेशी ते आपलं नातं सांगतात. वालीच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं असेल तर ते यांनी दिलं.

दरबाराची शिकार वेगळ्या वाटेने चालली. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना हा एक. पुढे संस्थानांच्या काळात तिचा थाट वाढला. कोल्हापूर दरबाराची चित्त्यांकडून हरणं धरण्याची शिकार प्रसिद्ध होती. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी आजही बघायला मिळतात. पण इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. राजर्षी शाहू महाराज स्वतः पट्टीचे शिकारी होते, आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी १९१८ मध्ये बंद करणारेही तेच. फासेपारध्यांना त्यांनी कामावर घेतलं. त्यांच्या राज्यातलं शिकारीचं राखीव रान पुढे १९५८ मध्ये दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य झालं. तेव्हा शिकारी म्हटला की निर्दय, असं सोपं समीकरण आम्ही मांडत नाही.

इंग्रजांनी एक नवीन शब्द आणला: ‘गेम’. जंगलातला प्राणी म्हणजे गेम, म्हणजे खेळ. खेळाला नियम आले, परवाने आले, मोसम आले. नियमाने खेळणारा तो स्पोर्ट्समन, आणि फासा लावणारा तो चोर. दुसरीकडे हिंस्र प्राणी मारल्याबद्दल सरकारी बक्षिसं होती. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० पेक्षा जास्त वाघ मारले गेले. एवढे वाघ फासेपारध्याने मारलेले नाहीत. त्या काळची छायाचित्रं आपण पाहिली असतील. मेलेल्या वाघावर पाय देऊन साहेब किंवा महाराज उभे, आणि कडेला, अर्धवट कापलेले, हाकारे. रान उठवायचं काम त्यांचं. वाघ उलटला तर पहिल्यांदा समोर तेच. बऱ्याच ठिकाणी हे काम वेठीने व्हायचं, आणि वेठ आपल्या ठाणे जिल्ह्यात १९४५ च्या वारली उठावापर्यंत चालू होती. त्या छायाचित्राखाली साहेबाचं नाव असतं, वाघाची लांबी असते. हाकाऱ्यांचं नाव नसतं.

आणि याच काळात, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. फासे टाकून तितर, लावे, हरणं धरणारे फासेपारधी त्याच्या कचाट्यात सापडले. सोलापूरला तारांच्या कुंपणातली वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. संशय अजून गेलेला नाही.

शिकाऱ्यांनी निसर्गाचा अभ्यास केला, हेही खरं. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारी भरपूर होते. सलीम अलींची गोष्ट तर आपल्याला माहीतच आहे: लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, आणि मुलगा सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पोचला. गोष्टीतला एक धागा बहुतेक वेळा गळतो. ती चिमणी खाण्यासाठी पाडली होती, आणि ही वेगळीच चिमणी खायला चालेल की नाही, हा मुलाचा पहिला प्रश्न होता. खाण्याच्या प्रश्नातून कुतूहल जन्मलं, आणि कुतूहलातून देशाला पक्षिशास्त्र मिळालं.

आता कायद्याकडे येऊ, कारण आजचा प्रश्न तिथे आहे. १९७० मध्ये वाघाची शिकार देशभर बंद झाली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं. हा कायदा आला नसता तर आज वाघ फक्त पेंढा भरलेलाच पाहायला मिळाला असता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण त्याची मूळ रचना पाहा. त्याच्या अनुसूचींची नावंच होती स्पेशल गेम, बिग गेम, स्मॉल गेम. साहेबाचा खेळ स्वतंत्र भारताच्या कायद्यात शब्दासकट बसला होता. परवाना घेऊन शिकार करण्याची सोय १९९१ च्या दुरुस्तीने गेली.

भिंतीवरच्या वाघांचं काय झालं? मालकांनी मुदतीत माहिती द्यावी, त्यांना मालकीचं प्रमाणपत्र मिळेल, अशी तरतूद कायद्यातच आहे. २००३ मध्ये, राहून गेलेल्यांसाठी, पुन्हा १८० दिवसांची मुदत दिली. कायदा मागच्या कृत्याला लागू करू नये, हे तत्त्व योग्यच आहे. आम्हाला त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्या बाजूची तजवीज कुठे आहे? वालीच्या यादीतली घोरपड आज पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. ती मारली तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद. म्हणजे आजोबांनी हौसेने मारलेला वाघ दिवाणखान्यात प्रमाणपत्रासह उभा, आणि आजोबांपासून चालत आलेली घोरपड मडक्यात सापडली तर नातू तुरुंगात. २००६ चा वनहक्क कायदा आदिवासींवरच्या ऐतिहासिक अन्यायाची कबुली देतो, परंपरागत हक्क मान्य करतो, आणि त्यातून शिकारीचा हक्क नाव घेऊन वगळतो. १९७२ च्या कायद्यात पोटाच्या शिकारीची कबुली एकाच ठिकाणी सापडते: निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींच्या शिकारीच्या हक्काला धक्का लागणार नाही, असं एक कलम आहे. म्हणजे फरक करता येतो, हे कायद्याला माहीत आहे.

आता तत्त्वाचा प्रश्न. पहिला आक्षेप असा येतो की मरणाऱ्या हरणाला काय फरक पडतो? गोळी जेवणासाठी असो की भिंतीसाठी, मरण तेच. बरोबर आहे. हरणाच्या बाजूने फरक नाही. पण नीती कर्त्याच्या बाजूनेही बघते, आणि तिथे फरक मोठा आहे. भुकेला शेवट असतो. एक ससा मिळाला की आजची शिकार संपते. प्रतिष्ठेला शेवट नसतो. पोट भरतं, भिंत भरत नाही. शिवाय खाणाऱ्याला मिळेल ते चालतं, भिंतीला मात्र सगळ्यांत मोठी शिंगं, सगळ्यांत उमदा नर लागतो. आणि खाणारा जे मारतो त्याची त्याला गरज असते. स्मृतिचिन्हासाठी मारणाऱ्याला त्या मरणाची गरज असते ती केवळ पुरावा म्हणून. जीव घेण्याचं हे सगळ्यांत दुबळं कारण आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ट्रॉफी हंटिंगच्या पैशातून प्राणी वाचतात. २०१५ मध्ये झिंबाब्वेत सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकन दंतवैद्याने मारला तेव्हा जगभर ओरड झाली. पण पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तानमध्ये मारखोर नावाच्या रानबकऱ्याच्या मोजक्या शिकारींचे परवाने परदेशी शिकाऱ्यांना मोठ्या किमतीला विकतात आणि त्यातले ८० टक्के पैसे गावाला मिळतात. गावकरी मग चोरट्या शिकाऱ्यांना आवरतात, आणि मारखोर वाढले. ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. उलट केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, पर्यटनाचा मार्ग धरला. आम्ही एवढंच विचारतो: मारखोर वाचला तो शिंग भिंतीवर गेल्यामुळे, की गावाला त्या डोंगरावर हक्क मिळाल्यामुळे? आमच्या मते दुसऱ्यामुळे. पैसा अन्य मार्गाने आला असता तरी काम झालं असतं. तेव्हा हा युक्तिवाद हौसेला निर्दोष ठरवत नाही. हौशी माणसाकडून दंड वसूल करून चांगल्या कामाला लावतो, इतकंच.

तिसरा आक्षेप आमच्याच बाजूवरचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. भूक म्हटलं की सगळं माफ का? नाही. आज रेशनचा तांदूळ आहे, कोंबडी बाजारात आहे. जंगलात लागणारे सगळेच फासे भुकेचे नसतात. रानडुकराचं मटण मागणारी गिऱ्हाइकं शहरात असतात, त्यांच्याकडे गाडी असते आणि पैसे असतात. पोटाची शिकार बाजारात गेली की तिचा शेवटही हरवतो. तीही भिंतीसारखीच कधी न भरणारी होते. तारेचा फासा तर काहीच निवडत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या अडकल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हापुन्हा येतात. आणि संजय गांधी उद्यान केवढं? सुमारे १०४ चौरस किलोमीटर, सगळीकडून शहरांनी वेढलेलं. तिथे कोणाच्याही, कसल्याही शिकारीला आज जागा नाही. येऊरमध्ये शिकार खुली करा, असं आम्ही म्हणत नाही. बंदी राहिलीच पाहिजे.

मग म्हणणं काय आहे? बंदी सगळ्यांवर सारखी असली तरी दोष सारखा नसतो. शिक्षा देताना न्यायाधीशाला ‘कशासाठी?’ हा प्रश्न विचारता आला पाहिजे. किमान तीन वर्षांची सक्ती त्याचं तोंड बंद करते. घरच्या मडक्यासाठी मारणारा, बाजारासाठी मारणारा आणि कातड्या-नखांचा व्यापार करणारा, हे तीन वेगळे गुन्हे आहेत आणि कायद्याने ते वेगळे मानावेत. दुसरं, ज्याच्याकडून शिकार काढून घेतली त्याला तिच्या जागी काय दिलं, याचा हिशेब मागितला पाहिजे. पाड्यावरच्या मुलाच्या ताटातलं मांस बंद केलं, तर अंडं आणि डाळ तिथे पोचते का? वनहक्काचे दावे निकाली निघतात का? कंदाहारच्या पारध्यांबद्दल कुणी विचारलं नाही. येऊरच्या पाड्यांबद्दल आपण विचारू शकतो, ते तासाभराच्या अंतरावर आहेत. आणि तिसरं, ज्यांच्या घरी अशी जुनी कातडी आणि डोकी असतील, त्यांनी ती संग्रहालयाला द्यावीत, आणि खालच्या पाटीवर नेम कुणी धरला त्याबरोबर हाकारे कोणत्या पाड्यावरून आणले होते, तेही लिहावं.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू की नीतीचा कस लागतो तो आपण कोणाला प्रश्न विचारतो आणि कोणाला विचारत नाही, यावर. शिकारीच्या बाबतीत आपण हजारो वर्षं कोळ्याला विचारलं, व्याधाला विचारलं, कातकऱ्याला विचारलं. सिंहासनावरच्याला विचारणारा एक वाली होता, आणि एक सोपाऱ्याचा राजा, ज्याने स्वतःलाच विचारलं. पुढच्या वेळी एखाद्या वाड्यात भिंतीवरचं गव्याचं डोकं पाहून तोंडातून ‘वा!’ निघणार असेल, तेव्हा क्षणभर थांबून ‘कशासाठी?’ एवढं विचारलंत, तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असं आम्ही समजू.

 आता प्रश्न असतील तर अवश्य विचारा.